सपाता घातलेला चोर

१

शनिवारी सकाळी नेझाने लेन्सची लाकडी डबी उघडली, तर आत लाल मखमलीत नुसता गोल खड्डा.

"बाबा, लेन्स तुम्ही काढून ठेवलीत का?"

लोव्रो चुफर खिडकीपाशी उभा राहून कपात कॉफी ओतत होता. त्याने नकारार्थी मान हलवली.

"आणि ते बोट काढा आधी कपातून! चारचौघांत काय हे, लहान मुलासारखं!"

लोव्रोने बोट काढून पँटला पुसलं. नेझाने टेबलावरचा सगळा पसारा उपसला. तंबू, दोर, स्टोव्ह, धुरावलेली सॉसेजेस, पावसाळी कोट, सगळं होतं. लेन्स नव्हती. सोमवारी पहाटे डोंगरावर निघायचं होतं, आणि ज्या एका वस्तूसाठी गावाने एवढा खटाटोप मांडला होता तीच गायब!

मिल्का रझिंगेर झाडू बाजूला ठेवून पुढे आली. आयुष्यभर क्रान्य शहराच्या पोलिसांत चोऱ्या-घरफोड्या निस्तरून ती निवृत्त झाली होती. आता रोव्न्ये गावच्या गिर्यारोहण मंडळात सगळ्यांसाठी बार्ली आणि राजम्याचं घट्ट कालवण रांधायचं आणि अग्निशमन बंबाच्या गॅरेजवरची ही खोली लखलखीत ठेवायची, एवढंच तिचं काम. पण ही चोरी तिच्या जिवाला लागली. लोव्रो आणि ती एका वर्गातले. त्याचा ध्यास ती तेव्हापासून बघत आली होती.

ओक्नारच्या कड्याला पार माथ्याजवळ आरपार भोक आहे. गावात त्याला खिडकी म्हणतात. जूनच्या शेवटी मोजक्याच सकाळी सूर्य कड्यामागून चढत चढत नेमका त्या खिडकीत येतो आणि समोरच्या सावलीतल्या कठड्यावर उन्हाची तिरीप पडते. तो क्षण फोटोत पकडायला लोव्रो किती उन्हाळे वर गेला असेल! कधी ढग आडवे आले, कधी गारा, एकदा बायकोचं आजारपण. दरवेळी हात हलवत परत यायचा आणि त्याच आठवड्यात पुढच्या वर्षीचे बेत रचायला लागायचा. मिल्काने हट्टी माणसं पुष्कळ पाहिली होती. इतका आनंदी हट्टी माणूस दुसरा पाहिला नव्हता.

यंदा मंडळाने ठरवलं होतं की आता लोव्रोने एकट्याने ओझं वाहायचं नाही. कॅमेरा सुटा करून सगळ्यांनी पाठीवर घ्यायचा आणि म्हाताऱ्याला खिडकीसमोर नेऊन उभं करायचं.

"मला तर उघड दिसतंय कुणी नेली ते," विन्को म्हणाला. समोरची खानावळ त्याची, आणि मंडळाचा अध्यक्षही तोच. "आणि हे काय? माझ्या सपातेला काय झालंय? डावा पाय आत शिरेना!"

सगळ्यांनी खाली पाहिलं. विन्कोच्या एका सपातेला हिरवी कड होती, दुसरीला लाल.

"कालची स्लिवोव्का उतरलेली दिसत नाही अजून," नेझा म्हणाली.

उरलेला विजोड जोड लोव्रोच्या पायात होता. त्याने निमूटपणे एक सपात काढून विन्कोकडे सरकवली.

"थट्टा पुरे," विन्को म्हणाला. "मी पोलिसांना फोन करतोय. तो इटलीवाला माझ्या खानावळीतल्या खोलीतच आहे अजून. पळायच्या आत धरू द्या."

"त्याने नाही घेतली," लोव्रो एकदम बोलला.

"तुला काय माहीत?"

लोव्रो कॉफीकडे वळला. मिल्का मात्र त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या खात्रीने बोलणारा माणूस तिने नोकरीत दोनच जागी पाहिला होता, एक साक्षीदाराच्या बाकावर आणि दुसरा आरोपीच्या.

"संध्याकाळपर्यंत थांब, विन्को," ती म्हणाली. "मग हवा तो फोन कर."

२

तिला आदल्या दिवसाची, शुक्रवारची, संध्याकाळ पुन्हा डोळ्यांसमोर आणायची होती.

सगळे इथेच जमले होते. सगळ्यांच्या पायांत घरात घालायच्या सपाता, कारण बोहिन्यच्या या खोऱ्यात बूट घालून घरात शिरणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकण्यासारखंच. अपवाद एकट्या तुल्योचा. तो दर उन्हाळ्यात इटलीतल्या उदिनेहून येतो, उत्तम फोटो काढतो, आणि दर उन्हाळ्यात चिखलाचे बूट वाजवत थेट टेबलापर्यंत येतो. मिल्का दर उन्हाळ्यात ओरडते. तो छातीवर हात ठेवून माफी मागतो आणि बूट काढत नाही.

लोव्रोने बेत सांगायला सुरुवात केली आणि सगळे खुर्च्या ओढून जवळ सरकले. डोळे अर्धवट मिटून तो बोलत होता. कुरणं संपल्यावर बुटक्या पाइनच्या झुडपांतून वाट कुठे फुटते, कुठल्या घळीत जूनमध्येही बर्फ असतो, कुठल्या खडकाखाली पिण्याचं पाणी झिरपतं, पावसाने गाठलं तर कुठे अंग चोरून बसता येतं. विन्को नकाशावर बोट फिरवत मागे पडत होता. लोव्रोने नकाशाकडे एकदाही पाहिलं नाही. मिल्काला वाटलं, डोंगर इतका पाठ असायला त्याच्यावर माणसासारखा जीव लावावा लागतो.

"आणि फोटोच्या वेळी ढकलाढकली नको," शेवटी तो म्हणाला होता. "माझा कॅमेरा तुमच्या मोबाईलसारखा नाही. आधी दुधी काचेत बघून घ्यायचं, मग तिच्या जागी फिल्मची चौकट सरकवायची. चौकट सरकली की संपलं. फोटो निघतो तेव्हा काढणाऱ्यालाच त्यातून काही दिसत नाही. तिथे नुसता धीर लागतो!"

मग सगळे समोर खानावळीत जेवायला गेले. लेन्स तेव्हा डबीत होती. मिल्काने स्वतः झाकण लावलं होतं. मागे राहून तिने तुल्योच्या बुटांचे ठसे घासून पुसले. पुसताना झाडूचा दांडा लागून लोव्रोने काढलेला कड्याचा जुना फोटो भिंतीवरून पडला आणि काच तडकली. तिने तो कपाटात ठेवला आणि भिंतीवरचा पांढरा चौकोन झाकायला अग्निशमन दलाचं कॅलेंडर टांगलं, लालभडक बंबाचं. सपाता कशाही फेकलेल्या होत्या. त्या तिने खालच्या फळीवर जोडीजोडीने ओळीत लावल्या. किल्ली जिरेनियमच्या कुंडीत ठेवली. ती तिथे असते हे गावातल्या कोंबड्यांनाही माहीत आहे.

तेवढ्यात पाऊस कोसळायला लागला. अंगणात घोटाभर चिखल झाला. जेवताना प्रत्येकजण थोडा थोडा वेळ उठून गेला होता. तुल्यो सिगारेट ओढायला, विन्को तळघरात, नेझा आपल्या बेकरीतून पाव आणायला, आणि लोव्रो मधमाश्यांच्या पेट्यांवर झाकणं टाकायला.

सकाळी खोली मिल्कानेच उघडली होती. लाकडी जमिनीवर चिखलाचा एक थेंब नव्हता.

३

मिल्काने बोलावल्यावर तुल्यो दारातून आत आला, सवयीने बुटांसकट, आणि पाऊल टाकल्या टाकल्या थबकला.

"लोव्रोसाहेबांचा फोटो कुठे गेला? आणि हा बंब कुणी लावला?"

"मी. बसा," मिल्का म्हणाली. "लेन्स तुम्ही मागितली होती ना विकत?"

"दरवर्षी मागतो, बाई. दरवर्षी ते नाही म्हणतात. मला ते 'नाही' ऐकायला आवडतं." त्याचा चेहरा उतरला होता. "खानावळीत सकाळी मला कुणी कॉफी विचारली नाही. विन्को माझ्या खोलीबाहेर पहारा देतोय. बाई, मी जातो आजच. पण चोर म्हणून गेलो तर या खोऱ्यात पुन्हा पाय ठेवता येणार नाही मला. आणि फोटो काढण्यासारखी जागा माझ्या लेखी ही एकच आहे."

"काल सिगारेट ओढायला कुठे गेला होता?"

"या गॅरेजच्या वळचणीला. पाऊस बघत उभा होतो." तो घुटमळला. "वर कुणीतरी चाललं होतं. पावलांचा आवाज अगदी मऊ होता. मला वाटलं तुम्हीच आहात."

मिल्काने त्याच्या बुटांकडे पाहिलं. तिने घासलेल्या जमिनीवर दारापासून खुर्चीपर्यंत चिखलाची नक्षी उमटली होती. हा माणूस चोरीला आला असता तर सही करून गेला असता.

मग बेकरीतून नेझा आली. तिने काही लपवलं नाही.

"हो, मला नकोच होती ही सहल. बाबांचं हृदय काय अवस्थेत आहे ते डॉक्टरांना विचारा. मी भांडले, रडले. पण मिल्कामावशी, लेन्स चोरून? ती आईच्या वडिलांची आहे. त्यापेक्षा मी त्यांना खोलीत कोंडलं असतं, तोंडावर!"

तिने पीठ लागलेल्या हातांनी डोळे पुसले. ते खरं असल्याचं मिल्काला दिसत होतं. नेझा भांडायची ती खिडक्या उघड्या ठेवून.

शेवटी लोव्रो आला. बूट दारात काढून, भिंतीला हात लावत, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला.

"सोड गं, मिल्का. गेली तर गेली. यंदा नाही जमलं म्हणायचं."

"यंदा नाही तर कधी?"

तो हसला आणि भिंतीकडे हात केला. "तो बघ माझा फोटो. त्या वर्षी खिडकीत ढग कसा अडकून बसला होता, मांजरासारखा. नशिबात तेवढंच होतं माझ्या."

मिल्काने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर लालभडक बंब होता.

तिला एका क्षणात सगळं समजलं होतं, आणि समजू नये असं वाटत होतं.

४

लोव्रोच्या मधमाश्यांचं घर गावाबाहेर उतारावर आहे. पेट्यांच्या पुढच्या फळ्यांवर त्याच्या बायकोने रंगवलेली चित्रं अजून टिकून आहेत. दुपार कलताना मिल्का आपला दुखरा गुडघा ओढत तिथे पोचली. लोव्रो बाकावर बसला होता.

"कोण?"

"मी. तुला आधीच ओळखू यायला हवं होतं, लोव्रो. मी समोर उभी आहे."

तो बाकावर जरा सरकला. माश्या गुणगुणत होत्या. मिल्का त्याच्या शेजारी टेकली.

"मी बोलते, तू ऐक. चोर पावसात आला, पण जमीन कोरडी. म्हणजे त्याने दारात बूट काढले. बरं, नुसत्या मोज्यांवर आला का? नाही. सपाता घातल्या! मी जोडीने लावलेल्या सकाळी विजोड निघाल्या. अरे, चोरी करायला निघालेला माणूस, आणि दारात थांबून सपाता शोधतोय! हे फक्त आपल्या गावात जन्मलेल्या माणसालाच सुचेल. त्यामुळे तुल्यो सुटला."

लोव्रोच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि गेलं.

"आता सपाता कुठल्या? एक तुझी, एक विन्कोची. विन्कोच्याच आईने केलेल्या दोन्ही, त्याच करड्या लोकरी नमद्याच्या. हाताला सारख्याच लागतात. फरक फक्त कडेच्या रंगात आणि जराशा मापात. विन्को असता तर त्याचा डावा पाय तुझ्या सपातेत शिरलाच नसता, आज सकाळी शिरला नाही तसा. नेझाच्या निळ्या, टीचभर, शेवटच्या टोकाला. तू रोजच्या अंतरावर हात घातलास. पण मी त्या ओळीत नव्याने लावल्या होत्या. तुझ्या हातात एक इकडची आली, एक तिकडची. संध्याकाळ होती, पण जूनमधली. खोलीत भरपूर उजेड होता. ज्याला लाल आणि हिरवं दिसतं तो अशी चूक करत नाही."

"मिल्का..."

"कपात बोट घालून कॉफी ओततोस, कारण कप कुठवर भरला ते दिसत नाही. नकाशाकडे बघत नाहीस. आणि ज्या फोटोतलं मांजर तू मला दाखवलंस तो फोटो कालपासून कपाटात आहे. भिंतीवर बंब आहे, लोव्रो. तुल्योला दारातच दिसला. एवढा मोठा लाल बंब!"

लोव्रोने चेहरा दोन्ही हातांत धरला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"हिवाळ्यापासून. मधोमध धुकं आहे. कडेकडेने थोडं दिसतं, रंग गेलेच. डॉक्टर म्हणाले, आहे तेही हळूहळू जाईल." तो माश्यांच्या आवाजाकडे वळला. "मी सांगणार होतो. पण तुम्ही सगळे इतके आनंदात! विन्कोने खानावळ बंद ठेवायचं ठरवलं, नेझाने भांडून भांडून शेवटी माझे मोजे विणले. माझं ओझं पाठीवर घेऊन तुम्ही वर चढणार, आणि वर जाऊन मी काय करणार? त्या काचेत मला काही म्हणजे काही दिसत नाही गं. वाटलं, लेन्सच नसली तर कुणाला काही सांगावं लागणार नाही."

"आणि तुल्यो?"

"तो विचारच केला नाही मी. तेच डाचतंय सकाळपासून." तो उठला, चाचपडत शेवटच्या पेटीपाशी गेला, आणि रिकाम्या पेटीतून फडक्यात गुंडाळलेली लेन्स काढून तिच्या हातात ठेवली. "विन्कोला सांग चोर सापडला म्हणून. सहल रद्द."

मिल्काला रडू येईल असं वाटत होतं, पण आला तो राग.

"का रद्द? कालच कोण बढाया मारत होतं? फोटो निघतो तेव्हा काढणाऱ्याला काही दिसत नाही, धीर लागतो नुसता. बोललास की नाही?"

"ती वेगळी गोष्ट."

"काय वेगळी? चौकट सरकवल्यावर तुला कधी काय दिसलं होतं रे? आजवरचे तुझे सगळे फोटो तू आंधळाच काढत आलास. काचेत बघायला दुसऱ्याचे डोळे घे. धीर मात्र तुझ्याइतका कुणाकडे नाही."

लोव्रोने रिकाम्या पेटीचं झाकण चाचपून लावलं.

"दुसऱ्याचे म्हणजे कुणाचे?"

"ज्याला तू चोर ठरू दिलंस त्याचे," मिल्का म्हणाली. "आता चल. विन्को फोनपाशी बसलाय."

५

खानावळीत लोव्रोने सगळ्यांसमोर सांगितलं, काही न लपवता. नेझा ऐकता ऐकता त्याच्या हाताला बिलगली आणि "सकाळी मी त्या बोटावरून ओरडले" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. विन्को मान खाली घालून तुल्योसमोर कॉफी ठेवून गेला, मग केकचा भलामोठा तुकडा, मग स्लिवोव्का.

"तुल्यो," लोव्रो म्हणाला, "माझ्यामुळे तुमच्या नावाला बट्टा लागला. आणि आता मीच तुमच्याकडे मागणं मागतोय. काचेत माझ्यासाठी बघाल?"

तुल्यो टेबलाखाली वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. त्याला सपाता कुठल्या द्यायच्या यावर मग बराच गोंधळ झाला.

६

सोमवारी ते निघाले, गुडघ्याला पट्टा बांधून मिल्काही. नेझाने डॉक्टरांना फोन करून भंडावून सोडलं होतं. त्यांनी शेवटी हळूहळू चढायच्या अटीवर होकार दिला. लोव्रो नेझाच्या पिशवीचा पट्टा धरून चालत होता, आणि वाट मात्र तोच सांगत होता. "आता डावीकडे पाणी लागेल." लागायचं. "आता बर्फाला लागून जा, वरून नको." बर्फ असायचा. कुरणं संपून खडक लागला की इथे कुणी कुणाला 'तुम्ही' म्हणत नाही. विन्कोने तिथे पोचल्यावर तुल्योच्या खांद्यावर हात टाकला. "दे रे तो स्टँड माझ्याकडे. तुला मी चोर म्हणालो, निदान ओझं तरी वाहू दे."

दुसऱ्या सकाळी ते खिडकीसमोरच्या कठड्यावर उभे होते. सावलीत बोटं गारठत होती. आकाशात एकही ढग नव्हता. लोव्रोने कॅमेरा स्वतः जोडला. त्याच्या हातांना सगळं ठाऊक होतं. मग तुल्यो काळ्या कापडाखाली शिरला.

"कड्याची डावी कड दिसतेय?" लोव्रोने विचारलं.

"दिसतेय."

"तिच्या आणि चौकटीच्या मधे आकाश ठेव, हातभर. खिडकी मधोमध नको, जरा वर. खालचा काळोख भरपूर राहू दे. काळोख असेल तर उजेडाला किंमत."

तुल्यो सरकवत गेला आणि एकदम थांबला. "असा फोटो मी जन्मात मांडला नसता," तो कापडाखालून पुटपुटला.

फिल्मची चौकट सरकली. आता कॅमेऱ्यातून कुणालाच काही दिसत नव्हतं. लोव्रो खोक्याला गाल लागेल इतक्या जवळ उभा राहिला, लांब वायरचं बटण मुठीत धरून. सूर्य खिडकीत आला की तुल्योने हाक द्यायची असं ठरलं होतं.

खिडकीची कड आधी लाल झाली, मग पिवळी, आणि मग अख्खा कडा आतून पेटल्यासारखा उजळला. मिल्का बघतच राहिली. तुल्यो आ वासून उभा होता. हाक द्यायची हे तो साफ विसरला. मिल्काला आठवलं तेव्हा उशीर झाला होता. ती दचकून लोव्रोकडे वळली.

बटण दाबून झालं होतं. तो डोळे मिटून उभा होता, आणि उन्हाची तिरीप त्याच्या गालावर पडली होती.

"मी सांगितलंच नाही!" तुल्यो ओरडला. "लोव्रो, तुला कसं कळलं?"

लोव्रोने गालाला हात लावला.

"गरम झालं," तो म्हणाला.

तो फोटो आता मंडळाच्या खोलीत आहे. बंबाचं कॅलेंडर मिल्काने त्याच आठवड्यात काढलं. कुणी नवीन माणूस आला की लोव्रो खुर्चीतून भिंतीकडे हात करून सांगतो, बघा, खिडकीत सूर्य कसा बसलाय. आणि तो खरोखर तिथे बसलेला असतो.